मोटर दुरुस्तीचे दीड हजार

विवेक वर्धिनीत शाळा, उस्मानियाचं १९७३ सालचं बी.कॉम., मग बँकेत ३६ वर्षं. एवढी ओळख पुरे. सध्या काचीगुड्यातल्या आमच्या अपार्टमेंटचा हिशेब माझ्याकडे आहे, एक्सेलमध्ये.

गेल्या मार्चमध्ये पेटीत १,५०० रुपये कमी भरले. बँकेतली जुनी सवय, फरकाला ९ ने भागून पाहिलं. भाग गेला असता तर कुठेतरी आकडे उलटे पडलेत असं समजलो असतो. नाही गेला. १,५०० ची एकच नोंद होती, शेवटची, पाण्याच्या मोटर दुरुस्तीची. नोंद आहे म्हटल्यावर तिच्याकडे परत पाहिलंच नाही. पैसे वॉचमनच्या हाती दिले होते. त्याला वर बोलावून विचारलं, "दो बार तो नहीं लेके गया?"

"एकीच बार, साब." आणि तो खाली निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून माझा पेपर वर येईना, गेटवरच राहू लागला.

रविवारी नात आली. तिने एकूण खर्चाच्या आकड्यावर एफ-२ दाबलं. निळी चौकट डी-२ पासून डी-४० पर्यंत. मोटर ४१व्या ओळीत! बेरजेत आलीच नव्हती.

मग तिने कंट्रोल-टी दाबून सगळ्याचा एक तक्ता केला, त्याला 'खर्च' नाव दिलं. सूत्र काय, तर सम, कंसात खर्च, लागून चौकोनी कंसात रक्कम. खाली नवी ओळ लिहिली की तक्ता वाढतो, बेरीजही. त्याच ओळीतला आकडा हवा असेल तर रकान्याच्या नावाआधी ॲटचं चिन्ह. तक्त्याची ही सोय २००७ च्या एक्सेलपासून आहे आणि मला आत्ता कळतेय!

मला एकदम आपलं जर्नल आठवलं. आपण खात्याचं नाव लिहायचो, आणि लेजरच्या पानाचा नंबर शेजारच्या बारीक रकान्यात, फक्त शोधायला. एक्सेलमध्ये मी इतकी वर्षं नुसते पानांचे नंबर लिहीत होतो.

त्याच संध्याकाळी खाली गेलो. म्हटलं, "गलती मेरी थी. हिसाब मेरा गलत था."

तो पाइप गुंडाळत होता. "हिसाब बराबर हुआ ना साब?"

"हुआ."

"मोटर फिर आवाज कर रई."

काढले पैसे. नोंद ४२व्या ओळीत.