नरकाच्या वाफेवरचं गाव

गाडी बेप्पू स्टेशनात शिरत होती तेव्हा डोंगराच्या उतारावर जागोजागी पांढरे लोट दिसले. कारखाने असावेत, असं वाटलं. कान्नावा भागात पोचले तेव्हा कळलं, ती वाफ आहे! गल्लीच्या गटारातून, दोन घरांच्या फटीतून, रस्त्याकडेच्या नळांतून अखंड वर येणारी. जपानच्या क्यूशू बेटावर, पुढ्यात समुद्र आणि पाठीशी ज्वालामुखी असं हे गाव. गरम पाण्याचे दोन हजारांवर झरे इथे आहेत. जपानात इतके दुसरीकडे कुठेच नाहीत. राजापूरचं उन्हाळं मी पाहिलं होतं. पण अख्खं गावच उन्हाळ्यावर वसलेलं असेल, हे कधी मनातही आलं नव्हतं.

समुद्रकाठी वाळूस्नान घेतलं. सुती युकाता घालून आडवी झाले आणि फावडं घेतलेल्या एका आजींनी मला गळ्यापर्यंत पुरून टाकलं. खालच्या गरम पाण्याने वाळू तापलेली. ओली, जड. पहिली दोन मिनिटं जीव घाबरा झाला. छातीचे ठोके तळपायात ऐकू येत होते. मग लाटांचा आवाज तेवढा उरला. पंधरा मिनिटांनी वाळू झटकून उठले तेव्हा इतकं हलकं वाटलं, की पाय जमिनीला लागताहेत का, ते खाली बघून घेतलं.

इथल्या उकळत्या कुंडांना ‘जिगोकु’ म्हणतात, म्हणजे नरक. एक रक्तासारखं तांबडं. दुसरं समुद्रासारखं निळं, बघून हात घालावासा वाटेल असं. पाणी मात्र 98 अंशांचं! आणि त्याच नरकाच्या वाफेवर माणसं रताळी, कोबी, अंडी उकडून खातात. मीही खाल्ली. रताळ्याची ती गोडी अजून जिभेवर आहे.

संध्याकाळी ताकेगावारात गेले. हे सार्वजनिक स्नानगृह 1879चं, आजची लाकडी इमारत 1938ची. आधी कुंडाबाहेर बसून अंग स्वच्छ धुवायचं, मगच सगळ्यांच्या पाण्यात उतरायचं. कुणी कुणावर ओरडत नाही, तरी नियम मोडत नाही. गावातल्या बायका रोजच्यासारख्या आल्या, मला जागा करून दिली. ज्या जमिनीला नरक म्हटलं, तिच्याच उबेवर या लोकांनी शेजारधर्म उभा केला आहे.

बेप्पूला गेलात तर एका दिवसात उरकू नका. आणि निघताना स्टेशनसमोर हात शेकायचं छोटं कुंड आहे, गाडी पकडण्याआधी त्यात हात बुडवा.