तळपायांची भीड

रिफ्लेक्सॉलॉजीच्या, म्हणजे तळपाय दाबून करायच्या उपचाराच्या, खुर्चीत बसलं की आधी आपल्याला आपल्याच पायांची लाज वाटते. टाचांच्या भेगा, करंगळीचं कुरूप, चपलेच्या पट्ट्यांचे फिकट माग, सगळं एका परक्या माणसासमोर उघडं पडतं. शिवाय लहानपणापासूनची वळणं आड येतात. चुकून कुणाला पाय लागला तर आपण हात लावून नमस्कार करतो, मोठं माणूस समोर आलं की पसरलेले पाय आवरून घेतो. आणि इथे एक अनोळखी बाई बुटक्या स्टुलावर बसून आपलं पाऊल मांडीवरच्या टॉवेलवर घेते. पाय आपोआप मागे ओढला जातो. "सैल सोडा ताई," ती म्हणते. त्या तासाभरात आपल्याला एवढं एकच काम असतं आणि ते अवघड असतं.

त्याआधी तिने काही विचारायला हवं. मधुमेह आहे का, पायांना बधिरपणा येतो का, दिवस गेले आहेत का, अलीकडे हाड मोडलं होतं का, पायात कधी रक्ताची गुठळी झाली होती का. कुणी विचारलं नाही तर आपणहून सांगावं. मधुमेहाने तळपायाची जाणीव मंदावली असेल तर पाणी कढत आहे की कोमट, दाब किती झाला, हे त्या पायाला कळतच नाही. गुठळी असेल तर पाय चोळणं जिवावर बेतू शकतं. कपडे बदलावे लागत नाहीत, सलवार गुडघ्यापर्यंत सरकवली की झालं.

पाय कोमट पाण्यात बुडवून, पुसून झाले की तळव्याला किंचित पावडर किंवा क्रीम लावतात. तेलाचा मारा नसतो, कारण अंगठा घसरून चालत नाही. सगळी मदार त्या अंगठ्यावर. त्याचं पेर वाकवायचं, सरळ करायचं आणि दाब न सोडता कणभर पुढे सरकायचं. सुरवंट पानाच्या शिरेवरून जावा तसा तो टाचेकडून बोटांकडे चढत जातो. हलक्या स्पर्शाने गुदगुल्या होतात, ठाम दाबाने सहसा होत नाहीत. मध्येच एखादी जागा अशी येते की तोंडातून "आई गं" निघतं. तिथे ती थांबते, दाब कमी करते आणि पुन्हा त्याच जागी येते. सहन होत नसेल तर बोलावं. दुखणं सोसलं म्हणजे गुण जास्त येतो, असं अजिबात नाही.

भिंतीवर पावलांचा रंगीत नकाशा असतो. बोटांत डोकं, चवड्यात छाती, खोलगट भागात पोट, आतल्या कडेने पाठीचा कणा. हा नकाशा फार जुना नाही. अमेरिकेतले कान-नाक-घशाचे डॉक्टर विल्यम फिट्झजेराल्ड यांनी शरीराचे दहा उभे पट्टे कल्पिले आणि १९१७ साली एडविन बोवर्स यांच्यासह त्यावर पुस्तक लिहिलं. पुढे युनिस इंगहॅम या बाईंनी रुग्णांचे पाय दाबून दाबून ते पट्टे पावलांवर तपशिलाने उतरवले. त्यांचं पुस्तक १९३८ चं. पण तळव्यातला अमुक बिंदू तमुक अवयवाला जोडलेला असतो, याला शरीरशास्त्रात आधार नाही. संशोधक एड्झार्ड अर्न्स्ट यांनी २००९ मध्ये तोवरच्या चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा कुठल्याही आजारावर ही पद्धत परिणामकारक असल्याचा खात्रीचा पुरावा त्यांना मिळाला नाही. म्हणून पाय दाबता दाबता कुणी "तुमची किडनी कमजोर आहे" म्हणालं, तर त्या शब्दाने घाबरू नये. आणि "सगळं उत्तम आहे" म्हणालं, तर त्या भरवशावर रक्ततपासणी चुकवू नये.

नकाशा बाजूला ठेवला तरी त्या खुर्चीत काहीतरी घडतं, हे मी ठामपणे म्हणेन. एका पावलात सव्वीस हाडं. दोन्ही पावलं मिळून बावन्न, म्हणजे अंगातल्या दोनशे सहा हाडांपैकी चौथा हिस्सा. तळव्याच्या कातडीत घामाच्या ग्रंथी दाटीने असतात, तेलाच्या मात्र मुळीच नाहीत, म्हणून टाचा फुटतात. दिवसभर उभ्या राहणाऱ्या बाईचा सगळा भार या एवढ्याशा जागेवर. तिथे कुणीतरी अर्धा तास पूर्ण लक्ष देऊन हात फिरवतं, आणि श्वास लांबतो, जबडा सुटतो, बोलता बोलता डोळा लागतो. वाग्भटाने अष्टांगहृदयात रोजच्या अभ्यंगात डोकं, कान आणि पाय यांच्याकडे विशेष लक्ष द्यायला सांगितलंय, ते उगाच नव्हे. आळंदी ते पंढरपूर चालणाऱ्या वारकऱ्यांचे पाय मुक्कामाच्या गावी लोक तेल लावून चोळून देतात. तिथे कुणी नकाशा मागत नाही. चालून आलेला पाय आणि चोळणारा हात, एवढं पुरतं.

शेवटी ती दोन्ही तळव्यांच्या मधोमध अंगठे टेकवते आणि सावकाश श्वास घ्यायला सांगते. उठताना घाई करू नये, क्षणभर गरगरतं. लगेच स्कूटरला किक मारू नये. पाणी प्यायला देतात ते प्यावं. त्याने विषं धुऊन निघतात असं म्हणतात, पण ते काम यकृत आणि मूत्रपिंडं आपलं आपण करत असतात.

मला खुर्चीत बसल्यावर आईचे पाय आठवले. दिवाळीला, वाढदिवसाला, परगावी निघताना आम्ही तिच्या पाया पडतो. बोटं टेकतात न टेकतात तोच हात मागे. ते पाय हातात धरून कुणी कधी बसलं नव्हतं. घरी येऊन मी देव्हाऱ्याखालच्या कपाटातली आजीची काशाची वाटी काढली, चमचाभर तूप घेतलं आणि तिच्या पलंगाशी खाली बसले. वाटी फिरवताना तळवा काळा होतो. अंगातली उष्णता बाहेर पडते असं आजी म्हणायची. खरं तर तो काळेपणा काशातल्या तांब्या-कथलाचा आणि तुपाचा.

"राहू दे गं, तू कशाला माझे पाय धरतेस," आई म्हणाली आणि पाय पोटाशी ओढून घेतले. मी ते पुन्हा मांडीवर घेतले. बराच वेळ ती अवघडून छताकडे बघत होती. मग म्हणाली, "डावीकडे, अंगठ्याच्या मुळाशी. जरा जोरात दाब."