कढीपत्त्यावरचा कॅटरपी

कढीपत्त्याच्या झाडावर पावसाळ्यात एक अळी येते. लहान असते तेव्हा पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मग कात टाकत टाकत हिरवीगार होते आणि मानेजवळ दोन खोटे डोळे उमटतात. डिवचलं की डोक्यामागून लाल, दुभंगलेलं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. भिलाई या पोलादाच्या गावातल्या सेक्टरांत क्वार्टरच्या मागे वीतभर बाग असे, आणि घर मराठी असेल तर तिथे कढीपत्ता असणारच. 2003 मध्ये कार्टून नेटवर्कवर पोकेमॉन सुरू झालं. हिरवा, टपोऱ्या डोळ्यांचा, कपाळावर लाल दुफाटं शिंग मिरवणारा कॅटरपी पडद्यावर सरपटत आला, तेव्हा तो आम्हा मुलांना कुणी समजावून सांगितला नाही. तो आमच्या ओळखीचा होता. जपानी आहे हे पुढे कळलं.

ओळख पटली ती उगाच नव्हे. हे कार्टून ज्या व्हिडिओ गेमवरून आलं, तो खेळ ज्याच्या डोक्यातून निघाला तो सातोशी ताजिरी 1965 साली जन्मला आणि टोकियोच्या कडेला माचिदा गावात किडे पकडत वाढला. त्याच्या डोळ्यांदेखत तळी बुजली, शेतांवर इमारती उभ्या राहिल्या. जी मुलं आता झाडाखाली दगड उलटून पाहणार नाहीत त्यांच्या हातात तो आनंद पुन्हा द्यावा, म्हणून त्याने खेळ रचला. 1996 साली गेमबॉयवर आलेले ते पहिले 151 जीव बहुतेक केन सुगिमोरीच्या हाताखाली आकाराला आले. पण त्यांच्यामागे एका किडेवेड्या मुलाची नजर होती, आणि ती मला आजही त्यांच्यात दिसते.

पॉलिवॅगच्या पोटावरची गोल वळी घ्या. ती नक्षी नाही. बेडूकमाशाच्या पातळ कातडीतून त्याचं आतडं वेटोळं दिसतं, तेच ते. पावसाच्या डबक्यातून ओंजळीत बेडूकमासा घेतलेल्या पोराला हे सांगावं लागत नाही. पॅरासच्या पाठीवर अळंबी उगवतात. त्याचा पॅरासेक्ट होतो तेव्हा अळंबीच देहाची मालकीण झालेली असते, आणि किड्याचे डोळे पांढरे, रिकामे होतात. एवढी भीषण गोष्ट, आणि ती सांगायला दोन पांढरे डोळे पुरले. क्यूबोनच्या डोक्यावर त्याच्या मेलेल्या आईची कवटी आहे. तो रडतो तेव्हा ती आतून घुमते. चित्र किती इवलं: फार तर छप्पन्न ठिपके आडवे, छप्पन्न उभे, राखाडी-हिरव्याच्या चार छटा. उरलेलं पाहणाऱ्यानं पुरवायचं, आणि आम्ही ते भरभरून पुरवलं. चिप्सच्या पाकिटातून निघालेल्या टाझोवरचा जीव रात्री झोपताना अंगावर येण्याएवढा मोठा व्हायचा.

भिलाईच्या मैत्रीबागेत पांढरे वाघ आहेत. भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण म्हणून 1972 साली उभ्या राहिलेल्या त्या बागेत पिंजऱ्यासमोर माणसं आजही खिळून राहतात. वाघ तोच, पट्टे तेच, चाल तीच. एक रंग बदलला, बाकी काही नाही. अद्भुत व्हायला निसर्गाला तेवढं पुरतं. पोकेमॉनच्या सुरुवातीच्या चित्रकारांना हे ठाऊक होतं. ओळखीच्या जिवात ते एकच गोष्ट हलवायचे.

मग 2010 आलं. ब्लॅक आणि व्हाइट या खेळांत एकदम 156 नवे जीव आले, आणि त्यांत व्हॅनिलाइट होता: कोनातलं आइस्क्रीम, त्यावर तोंड. ट्रबिश होता: कचऱ्याची फाटकी पिशवी, त्यावर तोंड. आणि क्लिंक होता: एकमेकांत अडकलेली दोन दातेरी चाकं, त्यांवरही तोंड. तीन वर्षांनी क्लेफकी आला, तो किल्ल्यांचा जुडगा.

यंत्राला जीव असू शकत नाही, असं भिलाईचं माणूस म्हणणार नाही. ज्यांच्या घरातला माणूस तिन्ही पाळ्यांना प्लांटमध्ये जातो त्यांना भट्टी हे एक जनावरच आहे, हे निराळं शिकावं लागत नाही. 1959 पासून ती इथे धगधगते आहे. रात्री तापलेला स्लॅग ओतला की अर्ध्या गावावरचं आभाळ लाल होतं, आणि अंथरुणातलं पोर उठून खिडकीशी जातं. म्हणूनच क्लिंक पाहून मला राग येण्याआधी वाईट वाटलं. पोलादाच्या गावातल्या मुलाला यंत्राचा राक्षस द्यायचा होता ना? मग त्यात उष्णता हवी होती, भूक हवी होती, बोट सापडेल अशी धास्ती हवी होती. मिळाली दोन चाकं आणि चिकटवलेले डोळे.

पहिल्या 151 मध्येही वस्तू होत्या, हे मान्यच करायला हवं. व्होल्टॉर्ब म्हणजे डोळे असलेला चेंडू, मॅग्नेमाइट म्हणजे चुंबक आणि स्क्रू. पण व्होल्टॉर्ब हे जीव पकडायच्या पोकेबॉलचं सोंग घेऊन जमिनीवर पडून राहतो. वस्तू समजून उचलायला गेलात की तो उसळतो. पानासारखा दिसणारा किडा जसा फसवतो, तशी ती फसवणूक आहे, आणि ती करायला जीव लागतो. मॅग्नेमाइटला तोंडच नाही, एकच थंड डोळा आहे. त्याच्याशी बोलता येणार नाही, हे पाहताक्षणी कळतं. आइस्क्रीम मात्र आइस्क्रीमच राहतं.

याहून जास्त मला सलतं ते प्राण्यांचं माणूस होणं. 2016 मध्ये लिटन नावाचं मांजराचं पिल्लू आलं, सुरेख. ते वाढून इन्सिनरोर होतं: दोन पायांवर उभा पैलवान, कमरेला आगीचा पट्टा. 2019 मधल्या सशाचा फुटबॉलपटू झाला, 2022 मधल्या बदकाचा नर्तक. पिल्लू मोठं होऊन मोठं जनावर होण्याऐवजी धंद्याला लागतं. 2013 पासून मुख्य खेळांत शरीरं त्रिमितीत आली, प्रत्येक शिवण, प्रत्येक पट्टा स्पष्ट दिसू लागला, आणि पाहणाऱ्यानं पुरवायचं काही शिल्लक उरलं नाही. आता जीव हजाराच्या वर गेले आहेत. माझ्या मनात जे अजून हलतात त्यांतले बहुतेक चार छटांचे आहेत.

याला केवळ बालपणाची ओढ म्हणून मी सोडून देणार नाही, कारण 2022 च्याच खेळात विगलेट आहे. दिसायला तो जुन्या डिगलेटसारखा, जमिनीतून डोकं काढणारा. पण नात्यानं त्याचा कुणीच नाही. समुद्राच्या वाळूत उभ्या राहणाऱ्या बारीक वामीवरून तो घेतला आहे. दोन निराळे जीव सारख्या जगण्यामुळे सारखे दिसू लागतात, ही निसर्गातली खरी गोष्ट. विगलेट काढणाऱ्यानं ती नीट पाहिली आहे. म्हणजे हे खेळ घडवणाऱ्या कचेरीत अजून कुणीतरी दगड उलटून खाली बघतं. त्याच्या टेबलावर आणखी कागद ठेवा, एवढं मागणं आहे.