शिमोनाचे हात

आजोबा आणि तान्हं बाळ असं व्यक्तिचित्र कुणी करायला सांगितलं की मी आधी हात बघतो. कौतुक चेहऱ्यावर सहज आणता येतं. म्हाताऱ्या हातांनी बाळाचा भार नेमका कुठे पेललाय हे हुकलं, तर मात्र बाळ कापसाचं होऊन बसतं.

या बाबतीत रेम्ब्रांटच्या शिमोनाजवळ उभा राहील असा दुसरा म्हातारा मला माहीत नाही. गोष्ट लूकच्या शुभवर्तमानातली. मसीहाला पाहिल्याशिवाय तुला मरण नाही, असं वचन मिळालेला शिमोन यरुशलेमच्या मंदिरात बाळ येशूला हातांवर घेतो आणि आता मला मोकळं कर, असं देवाला विनवतो. (लूक त्याचं वय सांगत नाही. त्याला म्हातारा केला तो परंपरेनं.)

1631 साली, ऐन पंचविशीत, रेम्ब्रांटनं हा प्रसंग रंगवला तेव्हा मंदिराचे उंच खांब, गर्दी, झगझगीत वस्त्रं, सगळं हौसेनं भरलं. हेगच्या मॉरित्सहाउसमधलं हे चित्र थक्क करतं, पण नजर वास्तूतच फिरत राहते.

1669 च्या चित्रात मंदिर उरलेलंच नाही. शिमोनाचे डोळे जवळजवळ मिटलेले, ओठ किंचित विलग. दुपट्यात गुंडाळलेलं बाळ त्याच्या हातांवर आडवं. आणि पंजे? ते बाळाला धरतच नाहीत. बोटं ताठ, पुढे निघालेली, नमस्काराला जुळता जुळता थांबलेली. कलाशाळेत मास्तरांनी विचारलं असतं, पकड कुठाय? सगळी माया त्या न धरण्यात आहे. रंग जाड, कडा विरलेल्या. यात काही वाटा हाताचा, काही चित्र अपुरं राहिल्याचा. ऑक्टोबरमध्ये रेम्ब्रांट गेला तेव्हा ते पुरं झालेलं नव्हतं.

आदल्या वर्षी त्याचा मुलगा टायटस वारला होता आणि मार्चमध्ये टायटसच्या मुलीचा, टिटियाचा, बाप्तिस्मा झाला होता. हा धागा चित्राला जोडायचा मोह होतोच. मी जोडत नाही. विषय त्याच्या तरुणपणापासूनचा होता, आणि मला इथे दिसते ती आयुष्यभर हात रंगवलेल्या माणसाची निवड.

चित्र स्टॉकहोमच्या नॅशनलम्युझियममध्ये आहे. मागे उभी असलेली बाई नंतर दुसऱ्या कुणी रंगवली असावी, असं अनेक जाणकार मानतात. छापील प्रत हाती आली तर तिला अंगठ्यानं झाका आणि मग बघा.