चंद्रपूरची दीक्षाभूमी आणि उंच चिमण्या

नागपूरची दीक्षाभूमी आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली आहे. चंद्रपूरला मात्र आपल्या चऱ्होली, भोसरी, चाकण भागातून फार थोडी मंडळी जातात. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात धम्मदीक्षा दिल्यानंतर बाबासाहेबांनी 16 ऑक्टोबरला चंद्रपुरातही दीक्षा दिली. पुढे दोन महिन्यांच्या आतच त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्या भूमीला वंदन करावे म्हणून 2025 च्या ऑक्टोबरमध्ये चऱ्होलीतील आम्ही काही कुटुंबे मुलाबाळांसह निघालो. पुण्याहून रेल्वेने नागपूर आणि तेथून एस.टी.ने चंद्रपूर. वाटेत भद्रावतीची विजासन लेणी पाहिली. डोंगर कोरून बसविलेल्या तथागतांच्या मूर्तीसमोर सर्वांनी त्रिशरण-पंचशील घेतले.

भद्रावती सोडली की मुलूख कोळशाचा. चंद्रपूर जवळ आले तसे आकाशात उंच चिमण्या दिसू लागल्या. आमच्यातील एका मुलीने विचारले, "काका, एवढी उंच चिमणी कशाला बांधतात?" तिला उत्तर देता देता आमचाच विचार सुरू झाला.

चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र 1983 मध्ये सुरू झाले. जुने दोन संच बंद झाले, नवे आले. आज त्याची क्षमता 2920 मेगावॅट आहे. एक युनिट वीज तयार करायला साधारण 600 ते 700 ग्रॅम कोळसा जळतो आणि आपल्याकडील कोळशात तिसरा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त राखच असते. ज्या घरात महिन्याला 100 युनिट वीज लागते, त्या घरामागे कुठेतरी 60-70 किलो कोळसा जळतो आणि वीसएक किलो राख उरते. आपल्या घरातली वीज नेमकी कोणत्या केंद्रातून आली ते सांगता येत नाही, कारण सगळ्यांची वीज एकाच जाळ्यात मिसळते. पण चाकणच्या यंत्रांसाठी आणि आपल्या दिव्यांसाठी कोळसा जळतो, एवढे खरे.

धुरातील राख पकडण्यासाठी चिमणीच्या आधी मोठी पेटी असते. तिच्यातील तारांमध्ये फार उच्च दाबाची वीज सोडतात. राखेच्या कणांवर विद्युतभार येतो, ते बाजूच्या पत्र्यांना चिकटतात, मग हातोड्यांनी पत्रे ठोकून राख खाली पाडतात. ही पेटी नीट चालली तर शंभरातील 99 हून अधिक भाग राख अडते. तीच राख विटांना, सिमेंटला उपयोगी पडते. पेटी बिघडली की काळा धूर दिसतो आणि लोकांना कळते.

खरी गोम पुढे आहे. कोळशातील गंधकापासून होणारा सल्फर डायऑक्साइड वायू डोळ्यांना दिसत नाही. त्याने दम्याचा त्रास वाढतो; हवेत त्याचेच पुढे अतिसूक्ष्म कण बनतात आणि ते फुप्फुसात खोल जातात. राखेची पेटी त्याला अडवू शकत नाही. त्यासाठी धूर चुनखडीच्या पाण्याने धुवावा लागतो. त्यातून जिप्सम मिळते. 500 मेगावॅटच्या संचाला 275 मीटर उंच चिमणी बांधतात, त्याने वायू नाहीसा होत नाही. तो फक्त दूर जाऊन विरळ होतो आणि दुसऱ्यांच्या वस्तीवर उतरतो. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर हेच.

हे धुण्याचे तंत्र आपल्या राज्याला नवे नाही. मुंबईत ट्रॉम्बेला 1980 च्या दशकापासून समुद्राच्या पाण्याने धूर धुतला जातो. डहाणूला तर प्राधिकरणाच्या आदेशानंतर 2007 मध्ये अशी यंत्रणा बसली. डिसेंबर 2015 मध्ये केंद्र सरकारने देशातील सर्व केंद्रांना मर्यादा घालून दिली. मोठ्या जुन्या संचांसाठी एक घनमीटर धुरात 200 मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड. मुदत दोन वर्षांची होती. ती पुन्हा पुन्हा वाढली. जुलै 2025 मध्ये तर बहुसंख्य केंद्रांना या वायूच्या मर्यादेतूनच सूट मिळाली. प्रदूषित शहरांच्या 10 किलोमीटरच्या आतील केंद्रांबाबत प्रत्येकाचा वेगळा निर्णय व्हायचा असे ठरले. चंद्रपूर तर 2009 च्या केंद्रीय यादीत प्रदूषणात देशात चौथे होते.

आम्ही विजेच्या विरोधात नाही. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना बाबासाहेबांकडे श्रमखात्याबरोबर विजेचाही कारभार होता. स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय कारखानदारी नाही आणि कारखानदारीशिवाय गरिबी हटणार नाही, हे त्यांनी 1943 मध्येच मांडले होते. पण ती वीज माणसासाठी होती. दिवा एकाच्या घरी आणि खोकला दुसऱ्याच्या घरी, ही वाटणी त्यात नव्हती.

सायंकाळी दीक्षाभूमीवर निळ्या झेंड्यांची गर्दी होती. आमच्या शेजारी बसलेल्या एका आजीबाई म्हणाल्या, "आता धूर पहिल्यासारखा काळा दिसत नाही, बरं आहे." आम्ही मान हलविली, पण मनात म्हटले, आजी, जे दिसत नाही तेच मोजायला हवे.

आपला धम्म एहिपस्सिको आहे. या आणि स्वतः पाहा, असे सांगतो. जे डोळ्यांना दिसत नाही ते मोजमापाने पाहावे लागते. केंद्राच्या चिमणीत मोजणी यंत्रे असतात. त्यांचे आकडे माहिती अधिकार कायदा 2005 खाली दहा रुपयांच्या अर्जावर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मागता येतात. आपल्या एमआयडीसीतील बॉयलरच्या चिमण्यांसाठीही तोच अर्ज चालतो. अर्ज साधा असावा: चिमणी कोणती, महिना कोणता, राख किती, सल्फर डायऑक्साइड किती, मर्यादा किती.

चऱ्होलीला परतल्यावर पौर्णिमेच्या वंदनेनंतर विहारात आम्ही असा एक अर्ज सर्वांना वाचून दाखविला. लिहून घ्यायला दहावी-बारावीची मुले पुढे आली. आपल्या वस्तीतील विहारातही हे करून पाहावे, ही विनंती. जयभीम.