श्राव्य संहिता

आनंद यादवांची ‘झोंबी’ (१९८७) एका दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी मी मुरगूडच्या घरी, रजया टांगलेल्या खोलीत ध्वनिमुद्रित केली. उसाच्या ट्रॉल्यांची घरघर थांबली की वाचावयाचे. रात्री संगणकावर श्वास, अडखळणे कापावयाचे. मूकवाचनात पुष्कळ निर्णय टाळता येतात. ‘जरा’ म्हणजे थोडे की वार्धक्य, यानुसार ‘ज’चा उच्चार बदलतो, लिपी ते दाखवीत नाही, कंठाला ठरवावेच लागते. प्रकट वाचन म्हणजे भाष्यच, ही माझी वर्गातली आवडती मांडणी. संपादन करताना ते भाष्य ऐकू आले: आईचे कागली बोलणे मी सुधारून, प्रमाण उच्चारांत वाचले होते. तेही कागल तालुक्यातच वाढलेल्या मी! सारे संवाद पुन्हा वाचले. विद्यार्थ्याने मात्र दोन्ही प्रती ठेवून घेतल्या; पाठभेद म्हणून, असे तो म्हणाला.