मूठभर ज्वारी आणि दोन टक्के

आमच्या सातारा जिल्ह्यात एके काळी शिक्षणाची देणगी ज्वारीत मोजली जायची. जात्यावर बसण्याआधी घरची बाई सुपातली एक मूठ बाजूला काढून कोपऱ्यातल्या गाडग्यात टाकायची. ती मूठ रयत शिक्षण संस्थेची. गाडगं भरलं की संस्थेची माणसं धान्य पोत्यात ओतून न्यायची आणि बोर्डिंगातल्या पोरांच्या भाकऱ्या त्यातून व्हायच्या. याला ‘मुष्टी फंड’ म्हणत. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. पण त्या गाडग्याला घरातल्या कुणी हात लावलेला तिला खपायचा नाही. पावसाळ्याच्या तोंडाला कणगी तळाला गेलेली असायची, तेव्हाही गाडग्यात मूठ पडायची. फक्त ती लहान व्हायची.

त्या ज्वारीवर कोण शिकतं हे आजीला ठाऊक होतं. शेजारच्या गावचा एक पोरगा साताऱ्याला ‘अण्णांच्या बोर्डिंगात’ होता आणि सुट्टीत आला की आमच्या ओसरीवर येऊन बसायचा. आजी त्याला परीक्षेचं विचारायची. तोही नीट उत्तर द्यायचा, कारण विचारण्याचा हक्क तिला आहे हे त्याला कळत होतं. अण्णा म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. त्यांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. सगळ्या जातींची मुलं तिथे एका पंगतीत जेवत. स्वयंपाक मुलांनीच करायचा, शेतात राबायचं, अंगमेहनत करायची आणि शिकायचं. १९२७ मध्ये महात्मा गांधी तिथे येऊन गेले. धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडून पोरांना जेवू घातलं, ही गोष्ट आमच्या भागात अजून सांगतात. त्याच संस्थेनं १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं. माझ्या घरातला पहिला पदवीधर, माझा थोरला चुलतभाऊ, तिथूनच बाहेर पडला.

साठीच्या दशकाच्या सुरुवातीला मी पुण्यात शिकायला आलो तेव्हा ‘वार लावून जेवण्या’ची पद्धत मावळत आली होती, पण पुरती गेली नव्हती. सदाशिव पेठेत ज्या वाड्यात माझी खोली होती, तिथल्या काकूंकडे दर गुरुवारी कोकणातला एक मुलगा जेवायला यायचा. सकाळी साडेनऊला दिंडीतून आत येई, नळावर पाय धुई आणि स्वयंपाकघराच्या दाराशी पाटावर बसे. काकू त्याचं पान स्वतःच्या मुलांच्या आधी वाढत. गुरुवारी हटकून काहीतरी जास्तीचं असायचं, घोसाळ्याची भजी किंवा तूप-गूळ. जेवण झालं की तो आपलं ताट घासून पालथं घाली आणि कॉलेजला पळे. सात वारांची सात घरं. एखाद्या घरी सुतक आलं, मंडळी परगावी गेली, की त्या वारी पोराला उपास. हे काकूंना कळलं तेव्हा त्यांनी त्याला सांगून ठेवलं, ‘असं झालं की न विचारता इकडे यायचं.’

त्या दिवसांची आठवण काढताना जीव हळवा होतो हे खरं. पण एक गोष्ट नीट सांगितली पाहिजे. वार जातीतच लागायचे. कुणब्याच्या घरातला मी, मला तसा वार पुण्यात लागला नसता आणि माझ्याहून खालच्या मानल्या गेलेल्या मुलाला तर दिंडीच्या आत पाऊल टाकता आलं नसतं. म्हणून राजर्षी शाहूंचं काम मला त्या काळातलं सगळ्यात मोठं दान वाटतं. १९०१ सालच्या व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून कोल्हापुरात त्यांच्या पाठबळावर एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी राहत गेली. १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं. शहरात रात्री पाठ टेकायला जागा आणि दोन वेळचं अन्न मिळाल्याशिवाय खेड्यातल्या पोराला कॉलेजचं दार उघडं असून नसल्यासारखंच, हे महाराजांनी ओळखलं होतं. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१३ साली भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाला कोलंबिया विद्यापीठात शिकायला महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. त्या साडेअकरा पौंडांचं व्याज हा देश अजून घेतो आहे.

शेठ-सावकारांचं दान निराळ्या मापाचं होतं. प्रेमचंद रायचंदांनी १८६४ च्या सुमारास मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी आणि मनोऱ्यासाठी मिळून चार लाख रुपये दिले. मनोऱ्याला आईचं, राजाबाईंचं, नाव दिलं. जगन्नाथ शंकरशेठांच्या नावाची संस्कृतची शिष्यवृत्ती मॅट्रिकच्या मुलांना पिढ्यान्‌पिढ्या खुणावत राहिली. चिंतामणराव देशमुखांनी १९१२ साली ती मिळवली होती. महर्षी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाख रुपये देऊ केले आणि त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं, नाव विद्यापीठाला लागलं. जमशेटजी टाटांनी १८९२ साली परदेशी शिक्षणासाठी निधी काढला. त्याच्या पहिल्या मानकऱ्यांत कोल्हापूरच्या डॉक्टर कृष्णाबाई केळवकर होत्या आणि पुढे जयंत नारळीकर केंब्रिजला गेले तेही या निधीच्या आधारानं. हा निधी कर्जाऊ असतो. शिकून आलेल्यानं फेडायचा, म्हणजे तोच पैसा पुढच्याला मिळतो. १८९२ साली बांधलेली ही घडी अजून मोडलेली नाही, याचं मला फार अप्रूप आहे.

खरं मन रमतं ते मात्र पुण्याच्या भांडारकर संस्थेत. १९१७ साली ती उभी राहिली आणि १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. सचित्र महाभारत निघावं ही त्यांची हौस आणि त्यासाठी त्यांनी एक लाख रुपयांची देणगी जाहीर केली. औंध हे केवढंसं संस्थान! आमच्याकडे अजून म्हातारी माणसं त्या राजाचं नाव आदरानं घेतात. टाटांच्या पैशातून इमारत झाली. हैदराबादच्या निजामांनी वार्षिक अनुदान दिलं, अतिथिगृहासाठी रक्कम दिली. हिंदूंच्या महाकाव्याला मुसलमान राजाचे पैसे आणि पारशी शेठजींचं छप्पर, आणि त्याचं कुणालाच काही वाटत नव्हतं.

त्या पैशातून काम कसं चाले ते पाहण्यासारखं आहे. चौकोन आखलेला मोठा कागद. वरच्या ओळीत श्लोक, एकेका चौकोनात एकेक अक्षर. खाली प्रत्येक हस्तलिखितासाठी एक ओळ आणि त्या प्रतीत जिथे अक्षर वेगळं असेल तिथेच ते भरायचं. शारदा, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम, देवनागरी अशा नाना लिप्यांतल्या जवळजवळ तेराशे हस्तलिखितांचा मेळ घालायचा होता. शांतिनिकेतनात आणि तंजावरलाही माणसं याच कामाला बसली होती. विष्णु सीताराम सुकथनकरांनी १९२५ मध्ये हे काम हाती घेतलं. आदिपर्व पुरं व्हायला १९३३ उजाडलं. १९४३ साली ते गेले तेव्हा बहुतेक पर्वं बाकीच होती. मग बेलवलकर, मग परशुराम लक्ष्मण वैद्य. १९६६ साली राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत काम पुरं झाल्याचं जाहीर झालं, तेव्हा एकोणीस खंड समोर होते. सुरुवातीच्या देणगीदारांतले बहुतेक हा दिवस पाहायला उरले नव्हते. सत्तेचाळीस वर्षं!

अशी आणखी उदाहरणं पुण्यात आहेत. साताऱ्याचे रावबहादूर काळे यांच्या देणगीवर १९३० साली गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली आणि धनंजयराव गाडगिळांनी तिथून वाई तालुक्यातल्या शेतीचा जमाखर्च शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन तपासला. साताऱ्याचा पैसा साताऱ्याच्याच शेतकऱ्याच्या कामी आला म्हणायचा. वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकरांनी १९४६ साली विज्ञानवर्धिनी उभारली आणि आपली मिळकत तिच्या नावे केली. आज लोक तिला आघारकर संस्था म्हणून ओळखतात.

स्वातंत्र्यानंतर सरकारनं हे ओझं उचललं आणि ते योग्यच झालं. आर्थिकदृष्ट्या मागास मुलांसाठी ई.बी.सी.ची सवलत, भारत सरकारची शिष्यवृत्ती, संशोधकांना फेलोशिप. लाखो मुलं त्यावर शिकली, मीही ई.बी.सी.वरच शिकलो. कुणाच्या दारात उभं राहायचं नाही, कुणाचे उपकार नाहीत, हा हक्क फार मोठा. पण त्याबरोबर एक सवयही हळूहळू सुटली. ‘सरकार आहेच की’ म्हणत मूठ बाजूला काढणारे हात थांबले. आमच्या घरातलं गाडगं कधी नाहीसं झालं ते मला सांगता येत नाही.

आता पैसा पुन्हा आला आहे आणि तो त्या काळाच्या कल्पनेबाहेरचा आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या सरासरीतले दोन टक्के समाजासाठी खर्चणं बंधनकारक केलं आणि त्यात शिक्षण आहे. पवईच्या आयआयटीला नंदन निलेकणींनी २०२३ मध्ये तीनशे पंधरा कोटी रुपये दिले. माजी विद्यार्थ्यानं आपल्या संस्थेला असं भरभरून द्यावं ही आपल्याकडे नवी आणि फार चांगली रीत पडते आहे. दर गणेशोत्सवात ‘लोकसत्ता’च्या उपक्रमातून लोक ओळखदेख नसलेल्या संस्थांना धनादेश पाठवतात. मोबाइलवरून शंभर रुपये पाठवणारी कॉलेजची मुलं मी पाहतो आणि मला आजीची मूठ आठवते. आज जात विचारून कुणी पान वाढत नाही. मुली शिकतात, आणि २०२४ पासून राज्य सरकारनं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली आहे. आजीला हे ऐकून काय वाटलं असतं!

तरीही या नव्या पैशात मला दोन उणिवा दिसतात आणि त्या मनाला लागतात.

पहिली वेळेची. कंपनीच्या पैशाचा हिशेब वर्षाचा. प्रकल्प लांबवायचा म्हटलं तरी पहिल्या वर्षानंतर फार तर तीन वर्षं. शिवाय २०२१ पासून हा पैसा एखाद्या संस्थेच्या कायम निधीत घालता येत नाही, कारण तो खर्चच झाला पाहिजे. पैसे नुसते पडून राहू नयेत हा त्यामागचा हेतू मला समजतो. पण संशोधनाचं काय करायचं? महाभारताच्या आवृत्तीचा प्रस्ताव आज एखाद्या कंपनीकडे नेला तर पहिला प्रश्न येईल, तीन वर्षांत काय दिसेल? तीन वर्षांत चौकोन भरलेले कागद दिसतील. इमारत, प्रयोगशाळेतलं यंत्र, संगणकांची खोली यांना देणगीदार मिळतो, कारण त्यांचं उद्घाटन होतं, फोटो निघतो. ते यंत्र दहा वर्षं चालवणाऱ्या माणसाच्या पगाराला, हस्तलिखितांना वाळवी लागू नये म्हणून रोज राबणाऱ्या हातांना आणि चार वर्षांनी फेलोशिप संपलेल्या, पण प्रबंध पुरा व्हायचा असलेल्या मुलीला देणगीदार मिळत नाही. जुन्या ठेवींचं म्हणाल तर पन्नास वर्षांपूर्वी एखाद्या मास्तरानं बायकोच्या नावे विद्यापीठात पाच हजार ठेवले असतील, तर आज सहा टक्क्यांनी त्याचे वर्षाला तीनशे रुपये होतात. पारितोषिकाचं नाव राहिलं आणि त्यात पुस्तकही येत नाही. अशा ठेवी कितीतरी संस्थांत पडल्या आहेत आणि त्यांत भर घालावी हे त्या घरांतल्या नातवंडांच्या ध्यानातही नसतं.

दुसरी उणीव ओळखीची. फी माफ झाली, पण जेवण माफ होत नाही. पुण्यात आज खानदेशातून, मराठवाड्यातून, विदर्भातून आलेली हजारो मुलं-मुली कॉट बेसिसवर राहतात आणि मेसचा एकच डबा दोन वेळांना पुरवतात. शिष्यवृत्तीचे पैसे खात्यात यायला कधी कधी वर्ष उलटतं. अशी एक मुलगी माझ्या शेजारच्या इमारतीत राहत होती. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करत होती, संध्याकाळी वरण-भात आणि सकाळी नुसता चहा. तिला अनेक योजनांची नावं तोंडपाठ होती. पण या शहरात तिच्या परीक्षेची चौकशी करणारं एकही घर नव्हतं. काकूंच्या गुरुवारचं मोल मला त्या वर्षी नव्यानं कळलं. जुन्या दानात पैसा कमी होता, पण देणारा घेणाऱ्याच्या पाठीशी चार-पाच वर्षं उभा राहायचा, आणि मला ते आजच्या मोठ्या रकमांपेक्षा मोठं वाटतं. वार परत यावेत असं मी म्हणत नाही. ती लाचारी कुठल्याच मुलाच्या वाट्याला पुन्हा यायला नको. पण पाठीशी उभं राहणं आपण त्यांच्याबरोबर टाकून दिलं, आणि ते टाकायला नको होतं.

काही ठिकाणी ते टिकूनही आहे. अच्युतराव आपट्यांनी १९५५ साली सुरू केलेली पुण्याची विद्यार्थी साहाय्यक समिती ग्रामीण मुलामुलींना अल्प खर्चात राहायला-जेवायला देते, त्यांना काम करून शिकायला लावते, आणि तिथून शिकून गेलेले पुढच्यांसाठी परत येतात. १९०९ चं अनाथ विद्यार्थी गृह आज पुणे विद्यार्थी गृह म्हणून उभं आहे. रयतेची कॉलेजं तर खेडोपाडी आहेत आणि ‘कमवा आणि शिका’ आता विद्यापीठांतही चालते.

तेव्हा वाचकांना माझी हात जोडून विनंती आहे. येत्या जून-जुलैत, प्रवेशाच्या दिवसांत, आपल्या जवळच्या कॉलेजच्या किंवा वसतिगृहाच्या रेक्टरांना भेटा आणि मेसचे पैसे भरता न येणारं कुणी आहे का, एवढं विचारा. असेल तर त्याचा एका वर्षाचा नव्हे, पदवी पुरी होईपर्यंतचा भार घ्या. एकट्याला जमत नसेल तर चार घरांनी मिळून घ्या. आजोबांच्या नावाची ठेव कुठे असेल तर तिच्यात भर घाला. संशोधन संस्थेला देणार असाल तर कायम निधीत द्या आणि कशावर खर्चायचं ते तिथल्या माणसांवर सोपवा. वैयक्तिक देणगीला कायद्याची ती आडकाठी नाही.